कुरडयांवरची नावं

जयंतीच्या कार्यक्रमाची एकमेव कॅसेट मी ब्लेडनं कापली. चुकून नाही, नीट विचार करून, परीक्षेची पुस्तकं बाजूला सारून, जीभ दातांत धरून कापली, आणि कापून झाल्यावर आता कुणीतरी येऊन पाठ थोपटेल म्हणून दारात बसून राहिलो.

मी काय कापलं ते कळायला आधी आमचं घर कळायला हवं. चिंचवड स्टेशनच्या अंगाला आमची बैठी चाळ होती. पुढं विहार, मागं कंपनीची भिंत. घरात घड्याळ होतं, पण ते शोभेला. वेळ सांगायचं काम भिंतीपलीकडचा भोंगा करायचा. भोंगा झाला की आप्पा, म्हणजे माझे वडील, डबा घेऊन निघायचे आणि पुढच्या भोंग्याला अंगभर फाउंड्रीची काळी भुकटी घेऊन परत यायचे. हात साबणानं घासघासून धुवायचे, भाकरी खायचे आणि मग पेटी काढायचे. दिवसभर तापलेल्या लोखंडाशी झटलेली ती जाडजूड बोटं पेटीच्या पट्ट्यांवर इतकी हलकी पडायची की आई म्हणायची, "एवढ्या हलक्या हातानं कपबशी ठेवली असती, तर घरात चार कप तरी कानासकट राहिले असते." आप्पा त्यावर भात्याला एक दाब जास्त द्यायचे, एवढंच.

गायची ती वच्छलाआत्या, आप्पांची धाकटी बहीण. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून एक ट्रंक घेऊन ती आमच्याकडे चार दिवसांसाठी आली, ती राहिलीच. दिवसा ती भोसरीच्या एका लहानशा वर्कशॉपात मशीनवरून उतरलेल्या लोखंडी तुकड्यांच्या कडा कानशीनं घासायची, आणि संध्याकाळी पदर खोचून आप्पांच्या पेटीसमोर बसायची. तिचा आवाज गोड नव्हता. गोड आवाजाच्या बाया आमच्या चाळीत पुष्कळ होत्या, त्यांना कुणी गायला बोलवत नसे. आत्याचा आवाज बाजरीच्या भाकरीसारखा खरखरीत, पण वर चढला की विहार ओलांडून रेल्वेच्या रुळांपर्यंत जायचा. चाळीतले लोक म्हणायचे, आत्या गाताना लोणावळ्याची लोकलसुद्धा हळू होते. स्टेशन आल्यामुळं हळू होते हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी बोलून दाखवत नसे. आत्या, आप्पा आणि एक ढोलकीवाला, एवढ्या तिघांना लोक 'वच्छला आणि पार्टी' म्हणत.

जयंती म्हटल्यावर कुठली, हे आमच्याकडे विचारायचं नसतं. एप्रिल लागला की विहाराला चुना, दारांवर निळ्या पताका, आणि विहारासमोर मांडव घालून आत्याच्या पार्टीचा कार्यक्रम. त्या कार्यक्रमाची रीत अशी. आत्या गात असताना ऐकणाऱ्यांतून कुणीतरी उठायचं, नोट कपाळाला लावायचं, ती पेटीवर ठेवायचं आणि आत्याच्या कानाशी वाकून काहीतरी सांगायचं. की आत्या गाणं तिथल्या तिथं थांबवायची. ढोलकी मात्र बारीक आवाजात चालूच. त्या ठेक्यावर आत्या म्हणायची, "तिसऱ्या लायनीतल्या आमच्या शेवंताबाई, यांच्याकडून, त्यांचा नातू पास झाला म्हणून, पार्टीला अकरा रुपयांचं बक्षीस. पार्टी त्यांची आभारी आहे." आणि 'आभारी आहे'मधल्या 'हे'वरूनच उडी मारून पुन्हा ध्रुपद पकडायची. एका गाण्यात अशी आठ-दहा बक्षिसं सहज. कुणी स्वतःच्या नावानं द्यायचं, कुणी बायकोच्या, कुणी गावाकडच्या आईच्या, एकानं तर नवीन लागलेल्या सुपरवायझरच्या नावानं दिलं होतं. गाणं जेमतेम पाच मिनिटांचं, पण ते चांगलं अर्धा तास चालायचं.

मला हे अजिबात पसंत नव्हतं. मी त्या वेळी आकुर्डीच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होतो, दुसऱ्या वर्षाला, म्हणजे माणसाला जगातलं सगळं कळतं त्या वयात. स्टेशनबाहेरच्या कॅसेटच्या दुकानात उभं राहून मी तासन्‌तास फुकट गाणी ऐकायचो. त्या विकत मिळणाऱ्या कॅसेटमध्ये कुणी खोकत नसे, कुणाचं पोरगं रडत नसे, कुणाचा नातू पास होत नसे. त्यावरून मी एक सिद्धांत काढला. लोक पैसे देतात ते गाण्याला. गाण्यात जे गाणं नाही, तो कचरा. कचरा काढला की आत्याची कॅसेटसुद्धा दुकानात लागेल, खपेल, पार्टीच्या पेटीचा फाटलेला भाता बदलता येईल, आणि हे सगळं कुणामुळं झालं हे चार लोकांना कळेल.

माझी नात परवा मला सांगत होती की ती महिन्याच्या महिन्याला गाण्यांचे पैसे भरते. मी विचारलं, गाणी तर मोबाइलवर फुकटच ऐकू येतात ना? ती म्हणाली, "फुकट ऐकलं की मधेमधे कुणीतरी बोलतं, आजोबा. कुणी मधे बोलू नये म्हणून पैसे." पोरगी माझ्याच वळणावर गेली आहे, फक्त तिच्या हातात ब्लेड नाही.

तर त्या वर्षीचा कार्यक्रम मी कॉलेजातल्या मित्राचा टेपरेकॉर्डर आणून मांडवात मांडून घेतला होता. कॅसेटच्या एकाच बाजूवर भरला होता, कारण दोन्ही बाजूंवर भरून एका बाजूचं कापलं की दुसऱ्या बाजूचंही कापलं जातं, एवढी अक्कल मला होती. दुसऱ्या दिवशी आप्पांची स्टीलची पट्टी, ब्लेड आणि चिकटपट्टी घेऊन मी बसलो. कॅसेट लावायची, बक्षीस आलं की थांबवायची, पेन्सिलीनं चाक फिरवून फीत बाहेर ओढायची, दोन्हीकडं कापायची आणि उरलेली टोकं चिकटवायची. एकेक बक्षीस म्हणजे हात-दीड हात लांबीचा तपकिरी, चकचकीत तुकडा. माझ्या पायाशी त्यांचा केवढा तरी झुबका साठला.

बाहेर आईची वेगळी गडबड चालली होती. एप्रिल म्हणजे कुरडयांचाही महिना. चुलीवर मोठ्या पातेल्यात गव्हाचा चीक रटरटत होता, चाळीतल्या चौघी बायका आळीपाळीनं काठीनं तो हाटत होत्या, आणि आम्ही पोरं, म्हणजे मी सोडून बाकीची पोरं, वाट्या घेऊन बसली होती. गरम चिकावर तेल आणि मीठ, नाहीतर दूध आणि साखर. मी तेलाच्या पक्षाचा, आत्या दुधाच्या; त्यावर आमची दरवर्षी भांडणं व्हायची. कुरडया घालायची जागा विहाराची गच्ची, आणि तिथं संकट एकच, चिमण्या. आई हात पुसत आत आली, माझ्या पायाशी पडलेला झुबका बघून म्हणाली, "हे टाकायचंय का रे?"

"टाक. कचराच आहे तो."

"चमकतंय बरं. वाऱ्यावर हललं की चिमण्या भितील." आणि तिनं सगळा झुबका पदरात घेतला. संध्याकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांना ते सगळे तुकडे बांधलेले होते आणि वाऱ्यावर गुणगुणत होते. गुणगुणत होते हे अक्षरशः सांगतो. ती फीत ताणून बांधली आणि वारा आला की तिच्यातून बारीक भुंग्यासारखा आवाज येतो. त्या दिवशी मी खाली उभं राहून कौतुकानं म्हणालो होतो, "काय मस्त आवाज येतोय!"

साफ केलेली कॅसेट मी पहिल्यांदा आत्याला ऐकवली. ती वर्कशॉपातून नुकतीच आली होती, बोटांना कानशीचा चुरा लागलेला. पाय पसरून, भिंतीला टेकून तिनं एक बाजू पुरी ऐकली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. शेवटी ती म्हणाली, "चांगलंय." मग बोटांचा चुरा झटकत, "पण सुध्या, ह्याच्यात मी श्वास कधी घेतला रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे कडवं झालं, ध्रुपद झालं, की लगेच कडवं. मी काय कुत्रं मागं लागल्यागत गात होते का?"

मी तिला समजावलं की व्यावसायिक कॅसेट अशीच असते. आप्पा पेटी पुसत होते, ते एवढंच म्हणाले, "नावं घेताना तिचा दम परत यायचा. पुढचं कडवं तिथंनं वर उचलायची ती." मी म्हटलं, "आप्पा, तो तुमचा जुना काळ." जुना काळ म्हणजे परवाचा दिवस होता.

स्टेशनजवळ प्रती काढून देणारा एक दुकानदार होता. पार्टीच्या डब्यातले पैसे मागून घेऊन मी प्रती काढल्या. कव्हर छापून घेतलं. त्यावर वर 'वच्छला आणि पार्टी', खाली गाण्यांची यादी, आणि त्याखाली, जरा ठळक अक्षरांत, 'ध्वनिमुद्रण, संकलन, निर्मिती : एस. सुधाकर'. एस म्हणजे काय असं कुणी विचारलं असतं तर अडचण झाली असती, कारण एस म्हणजेही सुधाकरच. पण नुसतं सुधाकर छापलं तर तो कुणीही असू शकतो, एस. सुधाकर म्हटलं की माणसाच्या मागं ऑफिस आहे असं वाटतं.

पहिल्या संध्याकाळी कॅसेटी भराभर गेल्या, आणि दुसऱ्या संध्याकाळी भराभर परत आल्या. पहिल्या आल्या शेवंताबाई. "ह्याच्यात मी कुठंय?"

"मावशी, तुम्ही गायला नव्हता."

"गायला कशाला येऊ? वच्छीनं माझं नाव घेतलं ते कुठंय? नातवाला ऐकवायला बसवला, पावणे बसवले, आन् ह्याच्यात नुसतं गाणं!"

नुसतं गाणं. मी आयुष्यात एवढा अपमान गाण्याचा ऐकला नव्हता. पुढं रांगच लागली. एकजण म्हणाला, गाणं तर वच्छलाबाईचं आम्ही रोज भिंतीतनं फुकट ऐकतो, त्याचे पैसे कशाला देऊ? सुपरवायझरच्या नावानं बक्षीस देणारा तर रडायलाच आला होता, कारण त्यानं कॅसेट आधी सुपरवायझरला भेट दिली होती आणि मग स्वतः ऐकली होती. मी दारात बसून प्रत्येकाला माझा सिद्धांत सांगत होतो. आई आतून म्हणाली, "सिद्धांत राहू दे, त्यांचे पैसे परत दे आधी."

इथपर्यंत हे हसण्यावारी गेलं असतं. पण सगळ्यांत शेवटी दगडूमामा आले. दगडूमामा बनसोडे आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे, लातूरकडचे, कंपनीत भट्टीवर आप्पांच्या जोडीला. एरवी त्यांचा आवाज भट्टीपेक्षा मोठा. त्या दिवशी ते हळूच उंबऱ्यावर बसले, कॅसेट माझ्या हातात दिली आणि आपल्या चपलांकडं बघत राहिले.

त्यांची गोष्ट चाळीत सगळ्यांना माहीत होती. त्यांना किसन नावाचा एकच धाकटा भाऊ, हाताखाली वाढवलेला. दगडूमामांच्या मुलीच्या लग्नात पत्रिकेवर सगळ्या गोताची नावं छापली आणि सख्ख्या चुलत्याचं, किसनचं, राहून गेलं. छापखान्याची चूक. त्यात दगडूमामांनी पत्रिका न बघताच किसनला तोंडी सांगून टाकलं होतं, "तुजं नाव हाय, पयलंच हाय." किसननं पत्रिका उघडली, पुन्हा मिटली, आणि लग्नाला न येता बायकोपोरं घेऊन चाकणला निघून गेला. तिथं कांद्याच्या बाजारामागं खोली घेतली, नव्यानं उघडलेल्या एका कारखान्यात लागला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आता त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि थोरल्या भावाचं नाव पत्रिकेत घालणार नाही असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं.

म्हणून दगडूमामांनी जयंतीच्या कार्यक्रमात किसनच्या नावानं बक्षीस दिलं होतं. पत्रिकेत राहिलं ते माइकवर घ्यायचं, सगळ्या समाजासमोर. आणि मी कॅसेट काढणार आहे हे कळल्यावर त्यांना धीर आला होता. ते कॅसेट घेऊन चाकणला गेले, किसनला म्हणाले, "बोलू नकोस माझ्याशी. निस्तं ऐक." दोघं भाऊ शेजारी बसून अख्खी कॅसेट ऐकत राहिले.

"मग?" मी विचारलं. विचारायची गरज नव्हती.

"मग काय. त्यो म्हनला, पत्रिकेतबी न्हाई, कॅसेटीतबी न्हाई. म्हनला, तोंडी तर तू तवाबी सांगितलंतास."

"मामा, मी येतो. आत्या येईल. आम्ही सांगतो त्याला, नाव घेतलं होतं म्हणून."

"तोंडीच की ते," दगडूमामा म्हणाले. "गुरुवारी सुट्टीला त्यो राजगुरुनगरला जानार हाय, पत्रिका छापाया." आणि उठून गेले.

आत्यानं त्या वेळी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "कापलेलं कुठाय?"

आम्ही दोघं गच्चीवर पळालो. अख्ख्या चाळीची नावं कुरडयांवर गुणगुणत होती. आई खालून ओरडली, "अगं माझ्या कुरडया!" आत्या वरून म्हणाली, "वहिनी, कुरडया परत घालता येतील!" यावर आई चिडून गच्चीवर आली, पण कारण कळल्यावर पदर खोचून स्वतःच गाठी सोडायला लागली. "नावं तुम्ही काढा," ती म्हणाली, "चिमण्या मी हाकलते." त्या संध्याकाळी चिमण्यांनी निम्मी गच्ची खाल्ली. आईनं ती गोष्ट मला पुढं पुष्कळ वर्षं, कुरडई तळताना दरवेळी, न चुकता ऐकवली.

मग पुढचे दिवस घरात नुसती जोडाजोड. उन्हानं तुकडे वळले होते, काही चुरगळले होते, काहींना चीक लागलेला. मी चिकटवायचो, आत्या बोटानं दाबून कड सारखी करायची, आप्पा भोंगा झाल्यावर येऊन पट्टीवर तुकडे ताणून धरायचे. कुठला तुकडा कुणाचा हे बघून कळायला मार्ग नव्हता. जो हाताला येईल तो पुढच्याला जोडायचा. अशी एक कॅसेट तयार झाली की तिच्यात गाणं एकही नाही, नुसती नावं, नुसते आभार, आणि मागं ढोलकी. हे इथंच सांगून टाकतो की पुढं त्या कॅसेटच्या जेवढ्या प्रती निघाल्या तेवढ्या गाण्याच्या कॅसेटच्या कधीच निघाल्या नाहीत, आणि पेटीचा नवा भाता तिच्यावरच आला. लोक ती लावून जेवायला बसायचे. मी नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे लोक जाहिराती ऐकायला पैसे द्यायचे?" मी म्हटलं, जाहिरात नव्हे गं. मग काय, म्हणाली. अजूनही नीट सांगता येत नाही. आत्या गाताना सगळी चाळ एकच गाणं ऐकायची, आणि मधेच ती थांबून म्हणायची की हे बघा, हा माणूसही इथं आहे. बहुतेक पैसे त्याचे असावेत.

शेवटचा तुकडा गुरुवारी सकाळी जोडला. ऐकून बघायला वेळ नव्हता, आणि टेपरेकॉर्डरचे सेल जुने. वाटेत वाजवू नकोस, असं आत्यानं बजावलं. कॅसेट आमच्याकडच्याच एका डबीत, एस. सुधाकरच्या कव्हरसकट घातली, आणि आत्या, मी आणि दगडूमामा सहा आसनी टमटममध्ये दहा-बाराजणांत बसून चाकणला निघालो. दगडूमामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. सगळ्या वाटेत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "असंल का?"

"असणारच," मी म्हटलं. "एकूण एक तुकडा जोडलाय."

किसनमामा अंगणात बाजेवर बसले होते, जायच्या तयारीत, खिशातून पत्रिकेचा कागद डोकावत होता. भावाला बघून उठले नाहीत, पण आत्याला बघून उठले. "वच्छलाबाई, तुमी कशाला तरास घेतला?" त्यांच्या बायकोनं पाणी आणलं. मी टेपरेकॉर्डर बाजेवर ठेवला आणि कॅसेट लावली.

नावं सुरू झाली. तिसऱ्या लायनीतल्या शेवंताबाई. मग नव्या सुपरवायझरसाहेबांचे अर्धेच आभार आणि त्यांना चिकटून कुणाच्यातरी सासूबाई. किसनमामांची बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. शेजारच्या दोघी येऊन कुडाशी उभ्या राहिल्या. किसनमामाही कुणाकुणाची नावं ओळखत होते, एकदा तर म्हणाले, "ह्यो अजून जिता हाय व्हय!" मला वाटलं, जमलं. आणि तेवढ्यात कट्‌ असा आवाज होऊन बाजू संपली. किसनचं नाव आलं नव्हतं.

दगडूमामा चपलांकडं बघत होते. किसनमामांनी खिशातला कागद चाचपला. "झालं?" ते म्हणाले. "येतो मी. गाडी चुकंल."

मी बोलायला लागलो. फीत कशी असते, चिकटपट्टी कशी उन्हानं सुटते, एखादा तुकडा कदाचित चिमणीनं... हे सगळं मी फार मुद्देसूद सांगत होतो आणि कुणीही ऐकत नव्हतं. आत्या म्हणाली, "मागली बाजू लाव."

"मागची कोरी आहे आत्या. आपण एकाच बाजूवर भरलं होतं. तांत्रिकदृष्ट्या मागं काही असूच शकत नाही."

आत्यानं माझ्या हातातून टेपरेकॉर्डर ओढून घेतला, कॅसेट काढली, उलटी केली आणि बटण दाबलं. सूऽऽ असा कोरा आवाज. किसनमामा कुडापर्यंत पोचले. सूऽऽ. आणि त्या कोऱ्यातून एकदम ढोलकी आली, आणि आत्या.

"आपले दगडूभाऊ बनसोडे यांच्याकडून, त्यांचे धाकटे बंधू किसन यांच्या नावानं, पार्टीला अकरा रुपयांचं बक्षीस. किसनभाऊ आज इथं नाहीत. दगडूभाऊ म्हणतात, पत्रिकेत नाव राहिलं ती माझी चूक, इथं राहू नये. किसन बनसोडे... पार्टी त्यांची आभारी आहेऽऽ" आणि त्या 'हे'वर ध्रुपदाचं पहिलं अक्षर, अर्धंच, कारण तिथं माझं ब्लेड जरा पुढं गेलं होतं. मग पुन्हा सूऽऽ.

झालं होतं ते असं की एकच तुकडा टोकं बदलून, उलटा जोडला गेला होता, आणि उलटा जोडलेला तुकडा कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर वाजतो. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. तिथं ते कुणालाही सांगायची इच्छा मला झाली नाही.

किसनमामा कुडाशी पाठमोरे उभे होते. "परत लाव," ते म्हणाले. परत लावलं. "आजून एकदा." तिसऱ्यांदा सेल उतरायला लागले आणि आत्याचा आवाज जाड होत होत गड्यासारखा झाला, तरी त्या गड्यानं किसन बनसोडेंचं नाव पूर्ण घेतलं. मग किसनमामा वळले आणि भावाला म्हणाले, "अकराच?"

"पगार व्हायचा व्हता," दगडूमामा म्हणाले.

"चिंगूस." आणि ते बायकोवर ओरडले, "अगं, थोरला आलाय घरात, निस्तं पानी दिऊन बसलीस व्हय? जेवाय टाक!" पत्रिकेचा कागद त्यांनी खिशातून काढला, बाजेवर पसरला आणि माझ्याकडं पेन मागितलं. मी इतक्या घाईनं पेन दिलं की त्याचं टोपण आजपर्यंत सापडलेलं नाही. दगडूमामांचं नाव त्यांनी सगळ्यांच्या वर, स्वतःच्या हातानं लिहिलं.

मग किसनमामांनी कनवटीची एक नोट काढली, कपाळाला लावली आणि पेटीवर ठेवावी तशी टेपरेकॉर्डरवर ठेवली. आत्यानं ओठ पुसले, सरळ बसली आणि कार्यक्रमातल्यासारखंच विचारलं, "कुणाच्या नावानं?" किसनमामा विचार करायला लागले. विचार करता करता त्यांनी कॅसेटची डबी उचलली आणि कव्हर वाचायला घेतलं, बोट फिरवत, एकेक अक्षर. खालच्या ठळक ओळीवर बोट थांबलं.

"ह्यो एस. सुधाकर कोन?"

आत्यानं हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं.

"ह्यानं किती बक्षीस दिलंतं?"

"तो कशाला देतोय?" आत्या म्हणाली. "एक पैसा नाही."

किसनमामांनी मला वरून खालपर्यंत एकदा न्याहाळलं आणि डबी भावाच्या हातात दिली. "बग दादा. समद्या वस्तीनं आपापल्या नावाचं पैसं मोजल्यात. अख्ख्या कॅसेटीत फुकटचं नाव एकच, आन् त्येच मेलं सगळ्यात ठळक छापलंय!"